उलटे गणित

वैशाखात दिवस मावळला की आमचे आण्णा ओट्यावर येऊन बसतात, आणि बसण्यापूर्वी पश्चिमेच्या भिंतीवर तळहात ठेवतात. ही त्यांची फार जुनी सवय. क्षणभर हात तसाच ठेवून म्हणतात, "आज कालच्यापरीस जास्त तापलं व्हतं." दिवसभर ते माळवदाखालच्या गारव्यात पडून असतात, ऊन त्यांनी पाहिलेले नसते. पण भिंतीने ते पाहिलेले असते, आणि भिंत त्यांना सांगते. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात सोलापूरचे तापमान छापून येते तेव्हा आण्णांचा अंदाज बहुधा खरा ठरतो. ते आता ऐंशीच्या पुढे गेले आहेत. शाळा त्यांनी चौथीत सोडली. आपण भिंतीवर हात ठेवून जे करतो त्याला मोठमोठ्या विद्यापीठांत एक स्वतंत्र शास्त्र मानतात, हे त्यांना ठाऊक नाही. गेल्या दिवाळीपर्यंत ते मलाही ठाऊक नव्हते.

गेल्या दिवाळीत माझा एक जुना विद्यार्थी भेटायला आला. वर्गात असताना हा मुलगा फळ्याकडे कमी आणि खिडकीबाहेर जास्त पाही, म्हणून मी त्याला पुष्कळदा उभे केले होते. आता तो इंजिनियर होऊन कुठल्याशा संशोधनशाळेत काम करतो. चिवड्याची बशी त्याच्यापुढे सरकवून मी विचारले, "अरे, पण तू नेमके करतोस तरी काय?" तो हसला आणि म्हणाला, "सर, मी उलटी गणितं सोडवतो."

माझे स्वतःचे गणित मॅट्रिकच्या पुढे गेले नाही. मी भाषा शिकवतो आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. तेव्हा त्याने मला समजावले ते तव्याच्या आणि चुलीच्या भाषेत, आणि मीही ते त्याच भाषेत सांगणार आहे. चुलीत इतका जाळ घातला तर तवा किती वेळात किती तापेल, हे सरळ गणित. कारण हाती आहे, परिणाम काढायचा आहे. उलटे गणित असे की तवा तेवढा तुमच्या हाती दिला. आता सांगा, चुलीत जाळ किती होता, केव्हा वाढला, केव्हा मंदावला? जिथे हात पोचत नाही तिथली उष्णता, जिथे हात पोचतो तिथल्या उष्णतेवरून ओळखायची.

हे रिकामपणाचे उद्योग नव्हेत. आमचा लोहार लालभडक कोयता पाण्यात बुडवून त्याला पाणी पाजतो, तेव्हा कोयत्याच्या अंगातून उष्णता किती वेगाने बाहेर पडली यावर त्याची धार ठरते. पण चर्र करणाऱ्या त्या अंगावर थर्मामीटर लावणार कसा? मग तो धातूच्या पोटात बसवायचा आणि पोटातल्या तापावरून कातडीवर काय गुदरले ते काढायचे. स्टोल्झ नावाच्या एका गृहस्थाने १९६० साली नेमका हाच, तापलेला धातू निववण्याचा प्रश्न घेऊन त्याची रीत छापली. अंतराळातून परत येणाऱ्या यानाचेही तेच. बाहेरचे कवच असे भाजून निघते की तिथे मापक टिकत नाही. तो आत ठेवतात आणि बाहेरची आग हिशेबाने ओळखतात. लोहार हे डोळ्यांनी करतो, आण्णा तळहाताने.

पण मला खरे गुंतवले ते त्याने सांगितलेल्या जमिनीच्या गोष्टीने. ऊन जमिनीवर पडते ते तिथेच राहत नाही, खाली उतरू लागते. फार सावकाश उतरते, आणि उतरता उतरता विझत जाते. दिवसाचा ताप वीतभर खाली गेला की बराचसा मेलेला असतो. वर्षाचा, म्हणजे उन्हाळ्या-हिवाळ्याचा फेरा मात्र खोल जातो. वीस-पंचवीस फुटांवर त्याला पोचायला सुमारे सहा महिने लागतात. "म्हणजे सर," तो म्हणाला, "वैशाखातलं ऊन तुमच्या ओट्याखाली, तेवढ्या खोलीवर, आत्ता दिवाळीत पोचत असेल." मी नकळत पायाखाली पाहिले. आकाशकंदील वाऱ्याने हलत होता, अंगावर पातळ शाल घ्यावी अशी हवा होती, आणि खाली कुठेतरी वैशाख येऊन ठेपला होता. अर्थात मूळच्या चढउताराचा पंचविसावा हिस्सा काय तो उरलेला.

आमच्या भागात पूर्वी जोंधळा पेवात ठेवीत. पेव उघडले की आतून वर्षाकाठी एकच, वर-खाली न होणारी उबदार हवा येते असे जुनी माणसे सांगत. ती ऊब म्हणजे वरच्या साऱ्या ऋतूंची मिसळ. जमीन ऐकते सगळे, पण तिला तपशील आठवत नाही.

आणि इथेच उलट्या गणिताची गोम आहे. जमिनीत दीड हात खोल एक मापक पुरला असे समजा. वरच्या दिवस-रात्रीच्या चढउताराचा तिथे साधारण चारशेवा हिस्सा पोचतो. आता तिथल्या मापावरून वरचे ऊन काढायचे तर चारशेने गुणले पाहिजे. ठीक. पण मापक एक दशांश अंशाने चुकला असेल तर? ती चूकही चारशेने गुणली जाते, आणि वरच्या उन्हात चाळीस अंशांची चूक होते. म्हणजे उत्तर सोलापूरचा मे महिना येईल की काश्मीरचे पौष, सांगता येणार नाही. आणि दोन्ही उत्तरे खालच्या मापाशी सारखीच जुळतील. आदामार या फ्रेंच गणितज्ञाने १९०२ साली चांगल्या प्रश्नाची लक्षणे सांगितली होती: त्याला उत्तर असावे, ते एकच असावे, आणि मापात केसाएवढा फरक पडला तर उत्तरातही केसाएवढाच पडावा. उलटी गणिते यात बसत नाहीत. विशेषतः तिसऱ्या लक्षणात तर मुळीच नाही.

हे ऐकत असताना मला आमची कडब्याची गंजी आठवली.

१९९१ सालच्या चैत्रातली गोष्ट. मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो. आमचे शेत गावापासून सीना नदीच्या अंगाला आहे. बांधाच्या पलीकडे आण्णांच्या चुलत भावाचे, नानांचे शेत. महिन्याभरापूर्वी जोंधळा काढून कडब्याची गंजी रचली होती, दीड हजार पेंढ्यांची. एके रात्री ती पेटली. आम्ही गावातून पोचेपर्यंत जाळ निवत आला होता. विहीर लांब, पोहऱ्याने किती पाणी ओढणार? सगळे उभे राहून पाहत होते. नानाही होते, त्यांच्या हातात घोंगडे होते आणि ते जमिनीवर पडणाऱ्या ठिणग्या घोंगड्याने मारीत होते. पाहाटे आण्णा राखेभोवती फिरले. काठीने राख उकरली, तळहात जवळ नेऊन धग पाहिली. बांधाच्या बाजूला, म्हणजे नानांच्या बाजूला, राख अगदी पांढरी आणि खोल होती. तिथले दगड तडकले होते. उलट्या बाजूला अर्धवट जळलेली धाटे शिल्लक होती. आण्णा सरळ उभे राहिले आणि म्हणाले, "हितनं लागलीय."

एवढेच. पोलिसात ते गेले नाहीत. भाऊबंदाची अब्रू चव्हाट्यावर न्यायची नाही, हे त्यांचे म्हणणे. पण त्या दिवसापासून त्यांनी नानांशी बोलणे टाकले. बैलांना घालायला वैरण उरली नाही आणि विकत घ्यायला पैसे नव्हते, म्हणून मृगाच्या आधी आमची खिल्लारी जोडी विकली गेली. ज्या सकाळी बैल बाजाराला निघाले त्या सकाळी आई त्यांच्या पायांवर पाणी घालताना रडली. आण्णांनी बांधापलीकडे पाहिले. त्या पाहण्याचा अर्थ मला अकराव्या वर्षीसुद्धा कळला.

आता आण्णांच्या हिशेबात चूक काय होती? जिथे जास्त जळले तिथे आग जास्त वेळ होती, आणि जिथे जास्त वेळ होती तिथे ती आधी लागली. वरवर पाहता बिनतोड. पण वारा पश्चिमेचा असता तर आग कुठेही लागून जाळ बांधाकडेच रेटला गेला असता. त्या बाजूला पेंढ्या सैल रचल्या असत्या तरी तिथेच जास्त भडकली असती. राख एकच आणि तिच्यामागे उभ्या असलेल्या रात्री अनेक. त्यांतून आण्णांनी एकच निवडली. का निवडली हेही मला ठाऊक आहे. आदल्या वर्षी बांधावरची बाभूळ कोणीतरी तोडली होती, आणि ती नानांनी तोडली असे आण्णांच्या मनाने घेतले होते. उत्तर राखेत नव्हते. ते बांधावर आधीच उगवून आले होते.

आण्णांना एकट्याला दोष देण्यात अर्थ नाही. याच गणितात फार मोठा मनुष्य चुकलेला आहे. विल्यम थॉमसन, ज्यांना पुढे लॉर्ड केल्व्हिन म्हणू लागले, त्यांनी १८६२ साली पृथ्वीचे वय काढले ते असेच. खाणीत जसजसे खोल जावे तसतसे गरम होते, हे माप हाती होते. पृथ्वी आरंभी वितळलेला गोळा होती आणि तेव्हापासून निवत आहे असे धरले, तर आजच्या या मापाला पोचायला तिला किती काळ लागला असेल? फूर्ये या फ्रेंच पंडिताने १८२२ साली उष्णतेच्या प्रवासाचे जे गणित ग्रंथरूपाने मांडले होते, ते थॉमसनना मुखोद्गत होते. (हा फूर्ये उष्णतेचा इतका भोक्ता होता म्हणतात, की घरातही अंगावर कपड्यांचे थर घालून बसे. त्याला मे महिन्यात आमच्याकडे बोलवायला हवे होते.) उत्तर आले: २ कोटी ते ४० कोटी वर्षे. पुढे पुढे तर ते २ ते ४ कोटींवर येऊन ठाम झाले. डार्विनला त्याच्या सिद्धांतासाठी यापेक्षा फार मोठा काळ हवा होता. केल्व्हिनांचा हा आकडा त्याला सलत राहिला. भूगर्भशास्त्रज्ञ कुरकुरत होते. पण एवढ्या मोठ्या गणितीपुढे बोलणार कोण?

बोलला तो त्यांच्याच हाताखाली पूर्वी काम केलेला जॉन पेरी. १८९५ साली त्याने दाखवून दिले की आकडेमोडीत चूक नाही, चूक गृहीतात आहे. केल्व्हिनांनी सारी पृथ्वी एखाद्या दगडी गोळ्यासारखी घट्ट धरली होती. पोटात जर उष्णता अधिक सहजपणे फिरत असेल, तर तेच आजचे माप कितीतरी जुन्या पृथ्वीशीही जुळते. आज पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे मानतात. केल्व्हिनांची मापे खरी होती, गणित खरे होते, हेतू स्वच्छ होता. आरंभी एक गोष्ट विचारल्यावाचून खरी धरली, एवढेच. तिच्यावर त्यांनी पुढे एवढे काम केले की तिच्याकडे परत वळून पाहायला ते तयारच राहिले नाहीत. मला हे वाचताना केल्व्हिनांच्या ठिकाणी राखेत काठी घेऊन उभे असलेले आण्णा दिसले, आणि खरे सांगतो, थोडे हसूही आले.

आमच्या घरचे गणित असे वीस वर्षे चालले. या वीस वर्षांत आण्णा आणि नाना यांच्यात एकदाच बोलणे झाले. ३० सप्टेंबर १९९३ ची पाहाट, चारला चार मिनिटे कमी. आदल्या दिवशी गणपती बोळवून गाव उशिरा झोपले होते. जमीन हलली, माळवदाची माती अंगावर सांडली. आम्ही बाहेर धावलो. अंधारात गडग्यावरून उडी टाकून नाना आमच्या अंगणात आले आणि ओरडले, "आण्णा, पोरं भाईर काढली का?" आण्णा म्हणाले, "काढली." नाना तसेच परत गेले. सकाळी आम्हाला कळले की शंभरएक किलोमीटरवर किल्लारी आणि तिच्या आसपासची गावे झोपेतच गाडली गेली. पुढे ते दोन शब्द कोणी पुन्हा उच्चारले नाहीत. मला मात्र पुष्कळ दिवस वाटत राहिले की ज्या माणसाने आमची गंजी पेटवली, तो तसा उडी टाकून येईल का? मग दुसरे मन म्हणे, का नाही? रागाच्या भरात पेटवणारा आणि भूकंपात धावणारा हा एकच माणूस असू शकतो. आपण शाळेत पाहतो तसे माणसांचे दोन वर्ग नसतात.

किल्लारीला नंतर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने जमिनीत ६१७ मीटर खोल छिद्र घेतले. काळ्या दगडाचा आपला थर तिथे ३३८ मीटर निघाला. त्याच्याखाली जुना खडक. भूकंपाचे कारण पोटातल्या वाजवीपेक्षा जास्त उष्णतेत आहे का, हेही त्यांना पाहायचे होते; तशी काही वावगी उष्णता सापडली नाही. माझा विद्यार्थी म्हणाला की असल्या खोल छिद्रांत थर्मामीटर सोडून नुसता पोटातला ताप कळतो असे नाही, वरचे जुने हवामानही कळते. शंभर वर्षांपूर्वीपासून हवेत जो फरक पडत आला असेल तो आता कुठे शे-दीडशे मीटर खाली पोचलेला असतो. १९८६ साली अलास्कातल्या गोठलेल्या जमिनीतली छिद्रे तपासून अमेरिकन शास्त्रज्ञांनी सांगितले की गेल्या काही दशकांत तिथली जमीन २ ते ४ अंशांनी तापली आहे. आपल्याकडे हैदराबादच्याच सुकांत रॉय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली देशातल्या अनेक छिद्रांवरून दाखवले की दीडशे वर्षांत आपल्या जमिनीचा ताप सुमारे ०.९ अंशाने वाढला आहे. जिथे कोणी वही घेऊन बसले नव्हते तिथली हकीकत दगडाने सांगितली. पण ती सांगितली कशी? अमुक साली दुष्काळ होता, तमुक महिन्यात थंडी पडली, असे काही तो सांगत नाही. नुसते म्हणतो, एकूण वाढत आले आहे. त्याहून जास्त त्याच्याकडून वदवून घ्यायला गेलात तर तो खोटे बोलेल.

मग ही गणिते सोडवतात तरी कशी? याचे उत्तर मला नीतिशास्त्राच्या पुस्तकात सापडावे असे वाटले असते. सापडले ते तिखोनोव्ह या रशियन गणितज्ञाच्या रीतीत. १९६३ साली त्याने ती मांडली. मला समजली ती अशी: मापात जेवढी चूक असू शकते, तेवढीच ढिलाई ठेवून उत्तर मापाशी जुळवा. त्याहून काटेकोर जुळवू नका. जुळवाल तर जे चित्र निघेल ते उष्णतेचे नसून तुमच्या चुकीचे असेल. आणि एवढ्या ढिलाईत बसणारी जी पुष्कळ उत्तरे उरतील, त्यांतले सर्वांत शांत, कमीत कमी उसळ्या मारणारे उत्तर घ्या.

हे ऐकून मी खूश झालो. म्हटले, हे तर आम्हा मास्तरांना नोकरीच्या पहिल्या दिवशी शिकवायला हवे! कोरी उत्तरपत्रिका आली की आम्ही क्षणात मागे जाऊन म्हणतो, 'अभ्यास केला नाही.' खिडकीबाहेर पाहणारे पोर दिसले की म्हणतो, 'लक्ष नाही.' एवढ्याशा मापावरून एवढा मोठा माणूस काढतो. त्याऐवजी जे सौम्य ते धरावे.

माझा विद्यार्थी मात्र माझ्याइतका खूश दिसेना. तो म्हणाला, "सर, सौम्य उत्तर हे खरं उत्तर आहे असं नाही. ते फक्त बेभरवशाचं नाही, एवढंच. समजा, एके दिवशी खरोखरच प्रचंड जाळ झाला होता. ही रीत त्याला दाबून, पसरवून, चार दिवसांची ऊब करून टाकते. मग आम्ही म्हणतो, विशेष काही घडलं नव्हतं."

हे वाक्य माझ्या मनातून अजून गेलेले नाही. आपण ज्याला क्षमा म्हणतो, समजूतदारपणा म्हणतो, त्यात हे नेहमी घडत असले पाहिजे. घरोघर सांगतात, 'जाऊ दे, तो तसा वाईट नाही.' असेलही. पण ज्या बाईच्या अंगावर एका रात्री आग कोसळली तिला जर आपण सांगितले, की सगळे वर्ष मिळून पाहता हवा साधारण बरी होती, तर तो तिच्यावर दुसरा अन्याय. कठोर उत्तर निरपराध माणसाला जाळते, आणि सौम्य उत्तर अपराध्याला सावली देते. गणितज्ञाला निदान आपल्या मापातली चूक किती दशांशाची हे माहीत असते. आण्णांच्या तळहातातली चूक किती अंशांची होती हे कोणी सांगावे?

मी त्याला गंजीची गोष्ट सांगितली. त्याने सगळे ऐकले आणि शेवटी एकच प्रश्न विचारला. "सर, गंजी रचायच्या आधी पाऊस झाला होता का?"

झाला होता. फाल्गुनात अवकाळी पाऊस आला होता आणि एक गाडीभर कडबा भिजला होता. तो म्हणाला की ओली वैरण रचून दाबली की आतल्या आत सडू लागते. तिच्यातले सूक्ष्म जंतू तिला तापवतात, पार सत्तर अंशांच्या आसपास. ऊब बाहेर जायला वाट नसते. मग पुढचे काम हवेतला प्राणवायू करतो, आणि काही आठवड्यांनी गंजी पोटातून पेट घेते. बाहेरून कोणी काडी लावावी लागत नाही. गवताच्या गंज्यांत हे होते, हे जगभरच्या शेतकऱ्यांना ठाऊक आहे.

मी त्या क्षणी काही बोललो नाही. कारण तो बोलत असतानाच मला एक गोष्ट दिसली होती. आण्णा गंजीवर उभे राहून पेंढ्या रचीत होते आणि मी खालून त्या वर देत होतो. भिजलेल्या पेंढ्या त्यांनी बाजूला ठेवायला सांगितल्या होत्या. उद्या उन्हात पसरू म्हणाले होते. त्या लांब बांधापर्यंत वाहून न्यायच्या होत्या. संध्याकाळ झाली होती, पोरे नागनाथाच्या देवळाकडे खेळायला निघाली होती. मी त्या कोरड्या पेंढ्यांबरोबर वर दिल्या. वीस-पंचवीस असतील. आण्णा घाईत होते, त्यांनी हातात आली ती पेंढी लावली.

"वीस-पंचवीस पेंढ्यांनी पेटेल का रे?" मी विचारले.

"सांगता येत नाही, सर," तो म्हणाला.

त्या गोष्टीला आता एक वर्ष झाले. या वर्षात मी स्वतःला पुष्कळदा विचारले, की ही आठवण खरी आहे का? तेहेतीस-चौतीस वर्षे ती कुठे होती? की त्याने प्रश्न विचारला आणि मी उत्तराला जुळेल अशी एक संध्याकाळ रचली? आम्ही कादंबऱ्या लिहिणारे लोक. आमचा धंदाच तो. परिणाम आधी सुचतो आणि मग आम्ही मागे जाऊन त्याला शोभेल असे बालपण उभे करतो. कडब्याचा ओला, आंबूस वास मला अगदी स्पष्ट येतो, पण तो त्या दिवसाचा की दुसऱ्या कुठल्या, हे नाकाला सांगता येत नाही. कधी वाटते, मी हा दोष स्वतःकडे ओढून घेतो आहे तो नानांना सोडवण्यासाठी. कधी नेमके उलट वाटते, की 'गवत आपोआप पेटले, कोणाचाच दोष नाही' हे सौम्य उत्तर मला एवढे आवडते ते माझ्या सोयीसाठी. अकरा वर्षांच्या पोराला कोण दोषी धरील? नानांना मात्र सत्तेचाळीस वर्षांच्या माणसाने वीस वर्षे दोषी धरले. नाना २०११ साली गेले. आण्णा मातीला गेले, लांब लिंबाखाली उभे राहिले, आणि नानांच्या दाराशी न थांबता घरी आले.

सांगावे की न सांगावे हा प्रश्न होता. सांगून आता कोणाला काय मिळणार? बैल परत येणार नाहीत, नाना येणार नाहीत. ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्याच्या हातून त्याचे एकुलते एक ठाम उत्तर काढून घ्यायचे आणि बदल्यात त्याला एक 'सांगता येत नाही' द्यायचे, यात कसली दया? बायको म्हणाली, "नका सांगू. त्यांना सुखानं राहू द्या." तिचे बरोबर होते. पण वसुबारसेच्या संध्याकाळी समोरच्या घरातून नानांची नातवंडे पणत्या घेऊन निघाली आणि आमच्या ओट्यापुढून जाताना, मोठ्यांनी शिकवल्याप्रमाणे, मान खाली घालून गेली. त्या पोरांनी तर ती राख पाहिलेलीसुद्धा नाही.

मी आण्णांच्या शेजारी बसलो आणि सांगितले. पाऊस, ओल्या पेंढ्या, देवळाकडे निघालेली पोरे, सगळे. गवत पोटातून कसे तापते तेही मला जमेल तसे सांगितले. शेवटी हेही म्हणालो, की मला हे नक्की आठवते असे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

आण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटले, त्यांना नीट ऐकू आले नसावे. दिवाळीची थंडी पडू लागली होती. त्यांनी सवयीने भिंतीवर हात ठेवला, पण या दिवसांत भिंत काही सांगत नाही. ती नुसती गार असते. हात काढून घेऊन ते समोरच्या घराकडे पाहत राहिले. तिथे कोणीतरी दाराशी पणती ठेवीत होते आणि ज्योत पुन्हा पुन्हा एका बाजूला झुकत होती.

"त्या राती वारं व्हतं का रं?" त्यांनी विचारले.

मला आठवेना.